पाणी प्यालेला रहाट

भागोजी मेस्त्रींचं नाव शाळेच्या कागदपत्रांत नेमकं कुठे घालायचं, हा प्रश्न रत्नागिरीच्या त्या इंग्रजी शाळेत १९२८ साली चांगला पंधरा दिवस चालला होता. शिक्षकांच्या यादीत घालावं, तर माणूस मराठी चौथीपर्यंत शिकलेला. शिपायांच्या यादीत घालावं, तर हा वर्गावर जाऊन मुलांना शिकवणार. शेवटी कारकुनाने दोन्ही याद्यांच्या मधे एक रेघ ओढली आणि त्या रेघेखाली एकटंच नाव लिहिलं : भागोजी सुतार, सुतारकाम. मेस्त्रींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बरा झाला. मधे गर्दी नाय."

मेस्त्री मूळचे होड्या बांधणारे. खाडीच्या काठावर त्यांच्या वडिलांचा मांडव होता आणि त्या मांडवाखालून मचवे, पडाव एकामागून एक पाण्यात जायचे. पुढे घाटावरून मोटारलॉऱ्या यायला लागल्या, तांदूळ आणि कौलं त्यांतून जाऊ लागली, आणि पडाव सांगायला येणारी माणसं वर्षाला एकावर आली. तेव्हा मेस्त्री मिळेल ते काम करू लागले. शाळेत ते आले ते बाकं दुरुस्त करायला. हेडमास्तर लिमये बाकं दाखवून गेले आणि तासाभराने परत येऊन बघतात तो मेस्त्री इंग्रजी सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर मुलांच्या शेजारी बसलेले, आणि समोर व्याकरण चाललेलं. लिमये चिडले. बाहेर बोलावून म्हणाले, "मेस्त्री, हे काय?"

"बाक कुठे टोचतो ता बघत होतो," मेस्त्री म्हणाले. "अर्ध्या तासानं पाठीत टोचतो. उभ्यानं बघून कळला नसता."

लिमये हुशार माणूस. शाळेत हातकामाचा वर्ग काढावा म्हणून ते दोन वर्षं वरच्या खात्याशी पत्रव्यवहार करत होते, आणि मंजुरी मिळाली तर शिकवणारा कुठून आणायचा याची त्यांना काळजी होती. ती काळजी त्या दिवशी मिटली. खात्याने तीन वर्षांची मंजुरी दिली. पुढचं पुढे बघू म्हणाले.

मेस्त्रींच्या वर्गाला एकच नियम होता. ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याचं काम आधी एक दिवस आपण करायचं. गावात डोक्यावर पेटी घेऊन बांगड्या विकणारी एक म्हातारी होती. तिच्यासाठी नवी पेटी करायची ठरली, तेव्हा बावीस मुलांनी आळीपाळीने तिची जुनी पेटी डोक्यावर घेऊन सगळी रत्नागिरी पालथी घातली. संध्याकाळी मेस्त्रींनी विचारलं, "कुठे दुखला?" मग ज्याने त्याने आपापली मान, टाळू, खांदा दाखवला, आणि त्या दुखण्यावरून पेटीचं चित्र वहीत उतरलं. नारळ खवायच्या विळीचा पाट करायचा होता तेव्हा तर वकिलांच्या रघूने अकरा नारळ खवले आणि बोट कापून घेतलं. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब तणतणत शाळेत हजर. "माझ्या मुलाला काय सुतार करायचंय तुम्हांला?"

मेस्त्री शांतपणे म्हणाले, "सुतार व्हायला बारा वर्सं लागतात, वकीलसाहेब. तुमचा पोरगा आठवड्यातनं दोन तास येतो. घाबरू नका."

वकीलसाहेब लिमयांच्या खोलीत जाऊन पाणी पिऊन गेले.

अशी अडीच वर्षं गेली. मेस्त्रींची बायको चिमा म्हणायची की होडी पाण्यात सोडताना सुद्धा याच्या तोंडावर एवढं तेज कधी दिसलं नव्हतं. तिचं खरं होतं. होडी गेली की गेली. ती कुठल्या बंदरात लागली, कशी चालली, कोणी येऊन सांगत नसे. हा वर्ग मात्र डोळ्यांसमोर वाढत होता. बोटं कापून घेणारा रघू आता रंधा असा मारायचा की अख्ख्या फळीच्या लांबीची एकच ढलपी निघायची. मेस्त्री ती ढलपी उचलून खिडकीच्या उजेडात धरायचे आणि त्याला परत द्यायचे. रघूला तेवढं पुरायचं.

१९३१ च्या जानेवारीत खात्याचं पत्र आलं. तीन वर्षांची मुदत संपत आली आहे, सरकारला खर्च कमी करायचा आहे, तरी फेब्रुवारीत इन्स्पेक्टर वर्ग पाहतील आणि तो चालू ठेवायचा की बंद करायचा हे त्यांच्या अहवालावरून ठरेल. सोबत एक तक्ता होता. तीस नमुने, मुलांनी तीन वर्षांत करून ठेवायचे : आखायची पट्टी, खुंट्यांची फळी, लाकडाच्या निरनिराळ्या सांध्यांचे तुकडे. लिमयांनी तक्ता मेस्त्रींपुढे धरला. मेस्त्रींनी तो खालपर्यंत वाचला.

"यातला आपल्याकडे काय हाय?"

"काहीच नाही," लिमये म्हणाले.

"हे तुकडे कोनाला लागतात?"

"इन्स्पेक्टरांना."

"मग इन्स्पेक्टरांचा काम एक दिवस करून बघू या काय?"

लिमये हसले खरे, पण त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मेस्त्रींचाही लागला होता. ते दाखवत नव्हते इतकंच. वर्ग बंद झाला असता तर पोट भरायला बाकं, दारं, खिडक्या होत्याच. पण सोमवारी आणि गुरुवारी दुपारी दोन वाजता त्या मागच्या पडवीत बावीस जणांचा जो गलका उठे, तो पुन्हा उठला नसता.

तीस नमुने महिन्याभरात होणं शक्य नव्हतं. तेव्हा मुलांनी हातात घेतलेलं कामच इन्स्पेक्टरांना दाखवायचं, असं दोघांनी ठरवलं. ते काम होतं खाडीपलीकडे, भाट्याला, काशीकाकीच्या आगरात. काशीकाकी विधवा, मुलगा मुंबईला गिरणीत. चाळीस माड, शंभरेक पोफळी आणि त्या सगळ्यांना पाणी देणारा एक पायरहाट. विहिरीवरच्या फळीवर बसायचं, चाकाच्या दांड्या पायांनी ढकलायच्या, म्हणजे चाक फिरतं, दोराला बांधलेले मातीचे लोटे भरून वर येतात आणि पन्हळीत रिकामे होतात. गेल्या पावसात पाय घसरून काकी पडली होती. कंबर धरल्यापासून तिचा डावा पाय पुरता लांब होत नव्हता आणि जुन्या रहाटाच्या दांड्या तिच्या सासऱ्याच्या पायांच्या मापाच्या. एका लोट्यामागे ती एकदा कण्हायची. शाळेतला दादू हा खारव्याचा मुलगा रोज तरीतून खाडी ओलांडून यायचा. त्याने ते कण्हणं ऐकलं होतं. त्यानेच वर्गात विषय काढला.

नियमाप्रमाणे मुलं एक दिवस जुन्या रहाटावर बसली. रघू दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना कठड्याला लोंबकळत चढला. आता माप घ्यायचं काकीच्या पायाचं, आणि विधवा बाईच्या पायाला फूटपट्टी लावणार कोण? मेस्त्रींनी सुंभाची एक दोरी तिच्या हातात दिली. "काकी, पाटावर बसा, पाय जिथवर दुखल्याबिगर पोचतो तिथवर दोरी धरा आनि गाठ मारा." तिने आत जाऊन, दार लावून, पाटावर बसून गाठी मारल्या : एक डाव्याची, एक उजव्याची, एक हाताच्या पल्ल्याची. त्या तीन गाठींवरून मुलांनी अख्खा रहाट कागदावर उतरवला. चाक लहान, दांड्या जवळजवळ, फळी थोडी पुढे.

रहाट सुरेख झाला. फणसाचे ठोकळे, चाकाला खैराचा कणा. कण्याची दोन्ही टोकं ठोकळ्यांच्या भोकांत फिरायची. तिथली बसवणूक मेस्त्रींनी स्वतः केली, मधून केस जाणार नाही अशी. शाळेच्या अंगणात उंडीचं तेल घालून चाक फिरवलं तर बोटाच्या धक्क्याने भिरभिरलं. शनिवारी तो तरीतून पलीकडे नेऊन विहिरीवर चढवला. इन्स्पेक्टर मंगळवारी येणार होते.

निघताना मेस्त्री म्हणाले, "काकी, दोन दिवस चालवू नका. सकाळ-संध्याकाळ भरपूर पानी ओता याच्यावर. नवा लाकूड पानी प्याला की बरा बसतो."

काकीने त्यांच्याकडे बघितलं. "रहाटाला कोन पानी पाजता, मेस्त्रीनू? माज्या सासऱ्यानं कदी पाजला नाय."

"मी सांगतो ना. ओता तुमी."

होडी बांधणाऱ्याच्या हाडात मुरलेली ही गोष्ट. नवी होडी पाण्यात सोडण्याआधी तिला पाणी पाजतात, फळ्या फुगतात, फटी मिटतात आणि होडी गळत नाही. तीन पिढ्या मेस्त्रींच्या घरात हेच चाललेलं. बावीस मुलांना ज्याने विचारायला शिकवलं, त्या माणसाने त्या दिवशी चाळीस वर्षं रहाट चालवणाऱ्या बाईचं ऐकलं नाही. आणि काकी बिचारी सांगितल्या शब्दाला जागली. दोन दिवस दोन्ही वेळ कळशीवर कळशी ओतत राहिली.

मंगळवारी सकाळी दहाला इन्स्पेक्टर तरीतून उतरले. पुण्याकडचे गृहस्थ, अंगात लांब कोट, बुटांत पुळणीची वाळू भरलेली, त्यामुळे मन आधीच नाराज. विहिरीभोवती बावीस मुलं रांगेत उभी. लिमयांनी खूण केली, काशीकाकी फळीवर बसली आणि तिने दांडीवर पाय दिला. चाक हललं नाही. तिने दुसरा पाय दिला. हललं नाही. रघूने हात लावला, दादूने लावला, चौघांनी मिळून जोर केला. कणा ठोकळ्यात असा रुतला होता की जणू दोन्ही एकाच झाडातून निघालेत.

मेस्त्रींनी वाकून कण्याला हात लावला. काय झालं ते त्यांना एका क्षणात कळलं होतं.

लिमये त्यांच्या कानाशी लागले. "लाकूड कच्चं होतं म्हणा. वखारवाल्याने फसवलं म्हणा. मी सांभाळतो पुढचं."

मेस्त्री मुलांकडे बघत होते. मुलं आपापल्या वह्या चाळत होती. प्रत्येकाला वाटत होतं की माप आपलंच चुकलं. दादूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. ते बघून मेस्त्री पुढे झाले आणि इन्स्पेक्टरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"पोरांनो, वह्या मिटा. तुमची मापं बरोबर हायत. चूक माझी. मी होडीवाला. होडीचा लाकूड फुगला तर बरा, म्हनून मी याला पानी पाजला. रहाटाचा फुगून चालत नाय, ता मला सुचला नाय. काकीनी सांगितला, तरी ऐकला नाय." मग त्यांनी ठोकळ्यावर हात ठेवला. "आता भोक मोठा करायला हवा. पन किती मोठा, ता मला ठावूक नाय. माझा हात आवळायला शिकलेला. सैल किती सोडायचा ता तुमी काढा."

दादूने डोळे पुसले आणि मिटलेली वही पुन्हा उघडली. कोरड्या कण्याची जाडी त्यात लिहिलेली होती. लोटे उतरवले, ठोकळे ठोकून ठोकून कण्यावरून काढले, ओल्या कण्याला माप लावलं. अर्धं सूत जास्त भरलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. रघू म्हणाला, भोक आतल्या बाजूनेही फुगलं असणार, म्हणून दुप्पट सोडू या. दादू म्हणाला, अजून पावसाळा यायचाय, तेव्हा आणखी फुगेल. दोघं हमरीतुमरीवर आले. मेस्त्री मधे पडले नाहीत. एका माडाला टेकून उभे राहिले, फक्त पटाशीला धार लावून देत होते.

इकडे काशीकाकीचा पारा चढला. "तुमचा चालू द्या सावकाश! माजी रोपा सुकतायत त्याचा काय?" कोणी न सांगता दहा-बारा मुलं कळश्या आणि पोहरे घेऊन विहिरीला भिडली. पोफळीच्या आळ्यांत पाणी पडू लागलं. इन्स्पेक्टर बराच वेळ उभे होते. मग त्यांनी बूट काढले, वाळू झटकली, पायरीवर बसले आणि दादूने बाजूला ठेवलेली वही उचलली. तिच्यात काकीच्या तीन गाठींचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं : 'पंचवीस लोट्यांनंतर काकी थांबतात. डावा हात कमरेवर ठेवतात. बोलत नाहीत.' ते पान इन्स्पेक्टरांनी दोनदा वाचलं.

दीड वाजता ठोकळे पुन्हा चढले. काकी फळीवर बसली, तिने पाय दिला, चाक फिरलं. पहिला लोटा पन्हळीत रिकामा झाला, दुसरा, दहावा, तिसावा. काकी थांबली नाही, कण्हलीही नाही. चाळीसाव्या लोट्याला वर बघून म्हणाली, "आता जावा सगळे. माजा काम सुरू झाला." उपकार मानणं वगैरे तिच्या गावीही नव्हतं, आणि मेस्त्रींना त्या क्षणी यापेक्षा गोड काही ऐकायचंही नव्हतं.

संध्याकाळी शाळेत इन्स्पेक्टरांनी अहवालाचा मसुदा लिहिला आणि दोघांना वाचून दाखवला. मुलांनी केलेला रहाट प्रत्यक्ष चालताना पाहिला, वर्ग उपयुक्त आहे, चालू ठेवावा. लिमयांनी सुटकेचा श्वास सोडला. मेस्त्री टोपी हातात घेऊन दाराशी उभे होते.

"रावसाहेब, अडकला होता ता लिवला नाय."

"मुद्दाम नाही लिहिलं," इन्स्पेक्टर म्हणाले. "मेस्त्री, वर बसलेली माणसं पहिल्या दोन ओळी वाचतात. रहाट अडकला आणि चूक शिकवणाऱ्याची होती, एवढं वाचलं की पुढे कोणी बघणार नाही. त्यांना काटछाटीला कारणच हवंय. वर्ग वाचवायचा आहे ना?"

मेस्त्रींना वर्ग किती वाचवायचा होता हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. लिमये डोळ्यांनी विनवत होते, गप्प बसा म्हणून.

"बावीस पोरांनी बघितलाय," मेस्त्री म्हणाले. "सकाळी मी त्यांच्यासमोर सांगितला, चूक माझी. संध्याकाळी कागदावरनं ती पुसली, तर गुरुवारी कुठल्या तोंडानं वर्गावर जाऊ? वर्ग ऱ्हायला नि मी असा ऱ्हायलो, तर काय उपेग? लिवा, रावसाहेब. जाईल तर जाईल."

इन्स्पेक्टरांनी मसुदा फाडला आणि नवा कागद घेतला.

मार्च गेला, एप्रिल गेला. सुट्टी लागली. मेस्त्री रोज शाळेत येऊन हत्यारांना तेल लावायचे आणि पुन्हा पेटीत ठेवायचे. लिमये त्यांच्याशी महिनाभर धड बोलले नाहीत, आणि त्याबद्दल मेस्त्रींनी त्यांना कधी दोष दिला नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. लिमयांनी ते उभ्यानेच फोडलं, वाचलं आणि धोतराचा सोगा सावरत पडवीकडे अक्षरशः धावत गेले.

वर्गाला पाच वर्षांची मंजुरी होती. खाली आणखी एक परिच्छेद होता. इतर शाळांतले हातकामाचे शिक्षक आपल्याकडे पाठवण्यात येतील. त्यांना दाखवण्यासाठी भाट्याच्या रहाटाचा तो अडकलेला ठोकळा शाळेत जपून ठेवावा.

"आता आली का पंचाईत!" लिमये म्हणाले. "अडकलेला ठोकळा राहिलाय कुठे? त्याचं भोक मोठं केलं पोरांनी. तो काकीकडे फिरतोय."

मेस्त्री पाकिटाकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचं त्यांना भान नव्हतं. "नवा करतो," ते म्हणाले.

त्या जूनमध्ये नवी मुलं वर्गात आली. मेस्त्रींनी त्यांच्यासमोर फणसाचा ठोकळा घेतला, खैराचा दांडा घेतला आणि मधून केस जाणार नाही अशी तीच बसवणूक पुन्हा केली. पोरांनी दांडा फिरवून बघितला, भिरभिरला. मग तो ठोकळा दोन दिवस पाण्याच्या बादलीत. तिसऱ्या दिवशी एकेकाने जोर लावला. तोंडं लाल झाली, दांडा हलला नाही. पुढची पाच वर्षं, दर जूनला, हा माणूस आयुष्यातली आपली सगळ्यांत मोठी चूक नव्या मुलांपुढे स्वतःच्या हाताने, तितक्याच मन लावून, पुन्हा करत राहिला. आणि दमलेल्या पोरांच्या हातातून ठोकळा घेऊन दर वर्षी तेवढंच म्हणत राहिला, "ही माझी. आता तुमच्या करायला लागा."